बी-१२ कमी, साखर काठावर आणि स्किझोफ्रेनिया: गोळ्या थांबवून जीवनसत्त्वं द्यावीत का?

ताई, तुमच्या प्रश्नातली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भाऊ २७ वर्षांचा. चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. रात्री ओलान्झापिन ही मनोविकारावरची गोळी, १५ मिग्रॅ. कानात येणारे आवाज जवळजवळ थांबले, संशय ओसरला, पण वजन १६ किलो वाढलं. घर शाकाहारी, वडिलांना मधुमेह. वर्षभरापासून वजन-साखरेसाठी मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ दोन वेळा, शिवाय ॲसिडिटीसाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल. आत्ताच्या रिपोर्टमध्ये बी-१२ १३८ पिकोग्रॅम, ड जीवनसत्त्व ११ नॅनोग्रॅम, होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात साठणारं द्रव्य) ३४, उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. आणि एका परिचितांचं म्हणणं असं, की हा आजार मुळात जीवनसत्त्वांच्या कमतरतेतूनच झालाय, गोळ्यांनी शरीर आणखी पोखरतंय, तेव्हा गोळ्या थांबवा आणि मोठ्या डोसमध्ये बी-३, बी-६, बी-१२ सुरू करा. हे खरं का, आणि खरं नसेल तर या रिपोर्टचं करायचं काय, हे तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी देतो, कारण सविस्तर वाचेपर्यंत कोणी गोळ्या बंद करायला नकोत. ओलान्झापिन थांबवू नका. बी-१२ आणि ड या दोन्ही कमतरता खऱ्या आहेत आणि त्यांच्यावर उपचार हवेतच. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, तिच्याकडे तर याच महिन्यात बघायला हवं. पण या सगळ्याचा हिशेब मनाच्या आजाराच्या खात्यात जमा करू नका. ही दोन वेगळी खाती आहेत. एकातला पैसा दुसऱ्यात वळवला की दोन्हीकडे खड्डा पडतो.

तुमच्या परिचितांचं बोलणं सगळंच हवेतलं नाही. बी-१२ च्या तीव्र कमतरतेमुळे भ्रम, संशय, गोंधळ, विस्मरण होऊ शकतं, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणूनच पहिल्यांदा मनोविकाराची लक्षणं दिसलेल्या माणसाच्या तपासण्यांत बी-१२ आणि थायरॉइड असायला हवं. मग तुमच्या भावाचं तसंच नसेल कशावरून?

हे ठरवताना मी काही गोष्टी बघतो. निव्वळ बी-१२ च्या कमतरतेतून आलेल्या आजारात बहुधा सोबत काहीतरी शारीरिक सापडतं: जीभ लाल आणि गुळगुळीत, पायात मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, रक्तात मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशी. बहुधा म्हणतो, कारण रक्त अगदी ठीक असूनही मज्जातंतूंवर परिणाम झालेले रुग्ण असतात. त्यात गोंधळलेपणा आणि विसरभोळेपणा जास्त, आणि लक्षणं खालीवर होत राहतात. तुमच्या भावाचं चित्र वेगळं आहे. तेविसाव्या वर्षी सुरुवात, आधी कित्येक महिने एकलकोंडेपणा, कॉलेज सुटणं, मग स्पष्ट आवाज आणि ठाम संशय, आणि हे सगळं बी-१२ न देता फक्त ओलान्झापिनवर उतरलं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. चार वर्षांपूर्वी बी-१२ तपासलं होतं की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. तपासलं नसेल तरी त्याची रुखरुख नको, कारण आता ते भरून काढायचंच आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं. हे मनोरुग्ण नव्हते. शेतकरी, झोपडपट्टीत राहणारे, मध्यमवर्गीय, असे तुमच्या-माझ्यासारखे चालते-फिरते लोक. म्हणजे आपल्याकडे एखाद्या शाकाहारी माणसाचं बी-१२ कमी निघालं, तर त्यावरून तो शाकाहारी आहे एवढंच फार तर कळतं. त्याला स्किझोफ्रेनिया का झाला हे कळत नाही. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकापेक्षाही कमी लोकांना होतो. कमतरतेमुळेच तो होत असता तर पुण्यात घरटी एक रुग्ण सापडला असता.

तरीही ही मोठ्या डोसची कल्पना आली कुठून? तिचा इतिहास सांगण्यासारखा आहे, कारण ती कोणा भोंदूच्या डोक्यातून निघालेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाचा आजार फोफावला होता. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर चट्टे, जुलाब, आणि मग वेड. मक्यावर जगणाऱ्या गरिबांना तो व्हायचा आणि तिथली वेड्यांची इस्पितळं अशा रुग्णांनी भरलेली असायची. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरच्या लक्षात आलं, की या संस्थांमध्ये राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो पण तिथल्याच कर्मचाऱ्यांना होत नाही. संसर्ग असता तर दोघांनाही झाला असता. फरक ताटात होता. पुढे १९३७ मध्ये निकोटिनिक ॲसिड, म्हणजे बी-३, हा त्यावरचा उपाय असल्याचं कळलं आणि वर्षानुवर्षं वेडे ठरवलेले लोक काही दिवसांत शुद्धीवर येऊ लागले. आपल्याकडेही दख्खनमध्ये, ज्वारीशिवाय फारसं काही पोटात न जाणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा होता. हैदराबादच्या आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. (लगेच भाकरी बंद करू नका. भाकरीसोबत डाळ, भाजी, ताक असेल तर ज्वारीचा काही दोष नाही.)

एका जीवनसत्त्वाने वेड बरं होतं हे असं डोळ्यांसमोर घडलेलं असताना, सगळंच वेड तसं का नसेल असं वाटणं स्वाभाविक होतं. कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात १९५० च्या दशकात हम्फ्री ऑसमंड आणि अब्राम हॉफर या मनोविकारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिवसाला ग्रॅमच्या हिशेबात बी-३ द्यायला सुरुवात केली. १९६८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी या विचाराला नवं नाव आणि आपलं वजन दिलं, आणि दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेल्या माणसाचं वजन थोडं नव्हतं. पण इतरांनी काटेकोर चाचण्या केल्या तेव्हा तो परिणाम दिसला नाही. १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नेमलेल्या गटाने सगळा पुरावा तपासून या उपचाराला आधार नसल्याचं सांगितलं. पेलाग्रातलं वेड बी-३ ने बरं होतं, कारण ते बी-३ च्या अभावानेच झालेलं असतं. हा न्याय स्किझोफ्रेनियाला लागू पडला नाही. तुमच्या परिचितांपर्यंत पोचलेला सल्ला हा त्याच जुन्या प्रवाहाचा उरलेला ओघ आहे.

त्यानंतरच्या संशोधनात काहीच हाती लागलं नाही असंही नाही, आणि ते लपवणं योग्य नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत १४० रुग्णांवर एक चाचणी झाली. नेहमीचं औषध चालू ठेवून १६ आठवडे फोलिक ॲसिड २ मिग्रॅ आणि बी-१२ ४०० मायक्रोग्रॅम दिलं. एकूण गटात फरक नगण्य होता. मात्र फोलेट (म्हणजे फोलिक ॲसिड, बी गटातलंच एक जीवनसत्त्व) शरीरात घेण्याशी संबंधित जनुकांची ठेवण लक्षात घेतल्यावर काही रुग्णांचा निरुत्साह आणि मिटून राहणं थोडं कमी झालेलं दिसलं. २०१७ मध्ये १८ चाचण्या आणि ८३२ रुग्ण एकत्र करून पाहिलं, तेव्हा बी गटातल्या जीवनसत्त्वांचा जादा डोस औषधाच्या जोडीला दिल्याने लक्षणांत थोडी घट दिसली, आजार नवीन असेल तर जरा जास्त. ड जीवनसत्त्वाने मात्र निराशा केली. इंग्लंडमध्ये मनोविकाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या १४९ जणांना सहा महिने दरमहा १,२०,००० युनिट देऊनही मनाच्या लक्षणांत फरक पडला नाही. यातल्या कुठल्याच चाचणीत औषधाऐवजी जीवनसत्त्वं दिलेली नव्हती, हे परिचितांना जरूर सांगा. औषधाऐवजी जीवनसत्त्वं, याला माझ्या माहितीत कुठलाच भरवशाचा आधार नाही. उलट औषध थांबवण्याबद्दल भरपूर माहिती आहे. ६५ चाचण्यांचं २०१२ मधलं संकलन सांगतं, की वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी साधारण २७ टक्के लोकांचा आजार पुन्हा उफाळला, तर बंद केलेल्यांपैकी ६४ टक्के.

आता तुम्ही प्रश्नात वापरलेल्या 'चयापचयाचा ताण' या शब्दांकडे, म्हणजे शरीराचं वजन-साखरेचं गणित बिघडण्याकडे येतो. सगळं वजन आणि साखर गोळ्यांनीच झाली, असा घरोघरी समज असतो. बराचसा दोष गोळ्यांचा आहेच. ओलान्झापिन आणि क्लोझापिन या दोन औषधांनी सगळ्यात जास्त वजन वाढतं, भूक आवरत नाही आणि साखर चढते. पण गोष्ट गोळ्यांच्या आधीपासून सुरू होते. मनोविकारावरची आजची औषधं आली १९५० नंतर. त्याच्याही पाऊणशे वर्षं आधी, १८७९ मध्ये, इंग्लंडचे मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉड्सली यांनी नोंदवलं होतं की वेडाचा वारसा असलेल्या घराण्यांत मधुमेह वरचेवर दिसतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डब्लिनमध्ये एकही गोळी न घेतलेल्या नव्या रुग्णांची साखर तपासली, तेव्हा त्यांच्यातल्या काहींची उपाशीपोटी साखर तेवढ्याच वयाच्या निरोगी लोकांपेक्षा चढलेली आढळली.

आईच्या पोटातल्या उपासमारीचाही यात वाटा असू शकतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी केलेल्या नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला. त्या दुष्काळाच्या ऐन कहरात गर्भधारणा झालेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. चीनमधल्या १९५९ ते ६१ च्या दुष्काळानंतरही तसंच दिसलं. म्हणजे पोषण आणि हा आजार यांचं नातं असेल, तर ते बहुधा जन्माआधीचं आणि मेंदू घडतानाचं आहे. सत्ताविसाव्या वर्षी इंजेक्शन देऊन ते उलटवता येत नाही. (आईला मात्र हे वाचून दाखवू नका. कुठल्याही आईने याचा दोष स्वतःवर घ्यावा इतकं हे एकास एक नातं नाही.)

मेंदूच्या पेशींना ऊर्जा वापरताना तयार होणारा घातक कचरा निपटता येत नाही, अशीही एक विचारधारा आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांना काही रुग्णांच्या मेंदूत ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य कमी सापडलं. त्यावरून एन-ॲसिटाइलसिस्टीन देऊन पाहिलं गेलं. मेलबर्नच्या २००८ मधल्या चाचणीत माफक फायदा दिसला, पुढे क्लोझापिनवरच्या रुग्णांत दिसला नाही. संशोधन म्हणून रस घेण्यासारखं, पण तुमच्या भावाच्या चिठ्ठीवर ते आज नसलं तरी काही बिघडत नाही. केटो आहाराचं (पिठूळ-गोड जवळजवळ बंद, चरबीवर भर) सध्या फार बोललं जातं. त्याबद्दलचा पुरावा अजून छोट्या गटांचा आहे, आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसाने तो यूट्यूबवर पाहून सुरू करू नये.

इथपर्यंत पुस्तकी. आता मला तुमच्या रिपोर्टमध्ये जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, ते सांगतो. बी-१२ का कमी झालं याची तीन कारणं तुमच्याच प्रश्नात आहेत. शाकाहार हे एक. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ आतड्यातून नीट शोषलं जात नाही, हे दुसरं. आणि अन्नातलं बी-१२ मोकळं व्हायला पोटात आम्ल लागतं, ते आम्लच पॅन्टोप्राझोल रोज दाबतं, हे तिसरं. क्रम बघा: मनाच्या गोळीने वजन वाढलं, वजनासाठी मेटफॉर्मिन आलं, त्याने पोट बिघडलं म्हणून सकाळची 'गॅसची गोळी' आली, आणि मुळातच काठावर असलेलं बी-१२ तळाला गेलं. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या जागी बरोबरच केलं. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून कोणी पाहिल्या नाहीत, एवढंच. पॅन्टोप्राझोल अमुक दिवसांसाठी लिहिलेलं असतं आणि मग वर्षानुवर्षं चालू राहतं. ते अजून लागतं का, हे आधी विचारा. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका, त्याचा तुमच्या भावाला उपयोग आहे. चीनमध्ये झालेल्या २००८ मधल्या एका चांगल्या चाचणीत मनाच्या औषधांनी वजन वाढलेल्या रुग्णांना मेटफॉर्मिन आणि जोडीला आहार-व्यायाम यांचा स्पष्ट फायदा झाला होता. बी-१२ ची जोड दिली की त्याची ती उणीव भरून निघते.

उपचाराचा तपशील तुमचे डॉक्टर ठरवतील, पण अंदाज यावा म्हणून सांगतो. इतकं कमी बी-१२ आणि सोबत होमोसिस्टीन ३४ (ते साधारण १५ च्या आत असावं) म्हणजे पेशींनाही ते खरोखर कमी पडतंय. बहुतेक जण १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला देतात. सुईला भाऊ तयार नसेल तर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळीही बहुतेकांना पुरते. मुंग्या, तोल जाणं असं काही असेल तर इंजेक्शनच बरं. नुसतं फोलिक ॲसिड आधी सुरू करू नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

मुंग्यांचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. आमच्याकडे येणारा एखादा रुग्ण म्हणतो, पायात काहीतरी सरपटतंय, तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं. घरचे म्हणतात, भास होतोय. कधीकधी डॉक्टरही तेच लिहितात आणि मनाच्या गोळीचा डोस वाढतो. प्रत्यक्षात ती बी-१२ च्या कमतरतेने किंवा साखरेने बिघडलेली नस असते. भास आणि नस यातला फरक विचारल्याशिवाय कळत नाही. दोन्ही पायांना सारखंच होतं का, बोटांपासून वर चढत गेलं का, रात्री वाढतं का? आणि कंप देणारा ट्यूनिंग फोर्क हाडावर टेकवून बघायला अर्धं मिनिट लागतं. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाची शरीराची तक्रार लोक गंभीरपणे घेत नाहीत, आणि मला वाटतं त्याला सगळ्यात महाग पडते ती हीच गोष्ट. अशा लोकांचं आयुष्य सरासरी १० ते २० वर्षांनी कमी भरतं, आणि त्यात आत्महत्येपेक्षा हृदय, साखर, फुप्फुसं यांच्या आजारांचा वाटा मोठा असतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे थकवा. भाऊ दिवसभर पडून असतो, बोलावलं तर कसाबसा उठतो, असं तुम्ही लिहिलंय. ते आजाराचं मिटून राहणं असू शकतं, ओलान्झापिनची गुंगी असू शकते, बी-१२ किंवा ड कमी असल्याने असेल, थायरॉइड असेल, नैराश्यही असेल. कोणतं ते मी इथून सांगू शकत नाही. पण 'आळशी झालाय' हे निदान त्यांपैकी कोणतंच नाही. बी-१२ भरून काढल्यावर दोन-तीन महिन्यांत अंगातली ताकद सुधारली तर तेवढा भाग कमतरतेचा होता असं समजू. नाहीच सुधारली तरी उपचार फुकट गेला असं नाही, नसा वाचल्या.

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. ११ हे कमीच आहे. मनासाठी नाही, पण हाडांसाठी आणि स्नायूंसाठी भरून काढा. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल बहुधा आठवड्यातून एकदा, सुमारे आठ आठवडे, आणि मग खूप कमी. ती चुकून रोज घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. रक्तातलं कॅल्शियम चढून उलट्या, प्रचंड तहान आणि चक्क भ्रम होतो, आणि मग घरचे समजतात आजार उलटला. पुडीवर वार लिहून ठेवा. तसंच परिचितांनी सुचवलेल्या बी-६ बद्दल: जास्त डोस कित्येक महिने घेतला तर ते स्वतःच नसा बिघडवतं. मोठ्या डोसच्या बी-३ ने अंग लालबुंद होऊन भाजल्यासारखं होतं, यकृताला त्रास होतो, आणि साखर वाढते. ६.१ असलेल्या मुलाला ते कशाला द्यायचं?

साखर आणि वजन. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, आणि उपाशीपोटी ११२ त्याच पट्ट्यात. वडिलांना मधुमेह आहे, म्हणून मी हे सौम्य म्हणून सोडणार नाही. आपल्या लोकांचं शरीर दिसायला बारीक आणि आतून चरबी धरून ठेवणारं असतं. त्यामुळे वजनकाट्याइतकंच कमरेच्या टेपला महत्त्व द्या: पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या आत. मनोविकारतज्ज्ञांना थेट विचारा, की ओलान्झापिनऐवजी वजनाला सौम्य असलेलं, ॲरिपिप्राझोलसारखं औषध चालेल का, किंवा डोस कमी करता येईल का. हा प्रश्न पूर्णपणे रास्त आहे, कोणी रागावलं तरी. पण उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: पहिला झटका किती भयंकर होता, आणि याआधी कोणती औषधं फसली. भाऊ त्या काळात स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवावर उठला असेल, किंवा दोन औषधं फसल्यावर हे लागू पडलं असेल, तर मी बदलायला फार घाई करणार नाही. मेटफॉर्मिनचा डोस वाढवेन. तसं काही नसेल तर सावकाश, कित्येक आठवडे दोन्ही औषधं एकमेकांवर ठेवून बदल करून बघता येतो. परीक्षा, लग्नकार्य, घर बदलणं अशा धामधुमीत नको.

घरी काय करायचं यात मी उपदेश कमी करतो, कारण ओलान्झापिनची भूक इच्छाशक्तीने आवरणारी नसते. रात्री अकराला फरसाणाचा डबा समोर असेल तर तो रिकामा होणारच. डबाच घरात नसावा, आणि तोही सगळ्यांसाठी. एकट्या त्याला उकडलेलं आणि बाकीच्यांना वडे, हे चालत नाही, त्यात अपमान वाटतो. गोड चहा दिवसात किती होतो ते मोजा, आणि त्याच्यासोबतची बिस्किटंही. जेवणानंतर कोणीतरी त्याच्यासोबत चालायला जा. 'जा फिरून ये' याला मी व्यायाम म्हणत नाही. मोड आलेली मटकी, मूग, पिठलं हे पोट भरायला उत्तम, पण त्यात बी-१२ नसतं. स्पिरुलिनातही उपयोगी पडेल असं नसतं, जाहिरात काहीही म्हणो. शाकाहारात ते दूध-दही-ताक-पनीर यांतच, आणि तेही थोडं: पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम, तर गरज रोज दोन-अडीचची. म्हणून नुसत्या आहारावर हे भरून येणार नाही. घरात अंडं चालत असेल तर मदत होईल, नसेल तर आग्रह नको, गोळी आहेच.

बिडी-सिगारेट ओढतो का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ओढत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. धुरामुळे ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातं. त्याने एकदम सोडली तर त्याच डोसची रक्तातली पातळी वाढते, गुंगी आणि भूक वाढते. सोडावीच, पण डॉक्टरांना सांगून, म्हणजे डोस बघता येईल. तंबाखू नुसती चघळत असेल तर हा परिणाम होत नाही, तिचे बाकीचे तोटे आहेतच.

पुढच्या भेटीला सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घेऊन जा, ॲसिडिटीच्या आणि दुकानातून आणलेल्या टॉनिकसकट. हे विचारा: बी-१२ इंजेक्शन की गोळी, आणि मेटफॉर्मिन चालू असेपर्यंत ते कायम द्यायचं का; पॅन्टोप्राझोल बंद करता येईल का; थायरॉइड, लिपिड (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि कॅल्शियम तपासलंय का; मेटफॉर्मिन वाढवायचं का; औषध बदलण्याजोगी परिस्थिती आहे का. बी-१२ सुरू केल्यावर त्याची पातळी लगेच तपासून पैसे घालवू नका, इंजेक्शननंतर तो आकडा चढलेलाच येतो आणि काही सांगत नाही. होमोसिस्टीन आणि साखर तीन महिन्यांनी बघा, वजन आणि कंबर दर महिन्याला घरीच वहीत लिहा. आणि उपचार चालू झाल्यावर पाय जास्त बधिर झाले, चालताना झोक जाऊ लागला, खूप तहान-लघवी सुरू झाली, किंवा आवाज परतले, तर तीन महिने थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा. रिपोर्टवरची तारीख आणि मेटफॉर्मिन नेमकं केव्हा सुरू झालं ते इथे कळवलंत तर बी-१२ कधीपासून घसरलं असेल याचा थोडा नेमका अंदाज देता येईल.